उलंगवाडीनंतर : कामाच्या अभावाची मराठी शब्दव्यवस्था

१

काम नसलेल्या माणसाचा निर्देश करण्यासाठी मराठीत शब्दांची टंचाई नाही. 'बेकार', 'बेरोजगार', 'निरुद्योगी', 'रिकामा', 'रिकामटेकडा', 'बिनकामाचा' असे अनेक शब्द हाताशी आहेत. सामान्य कोशात यांतील एकाचा अर्थ देताना दुसरा पुढे केला जातो. त्यामुळे हे सारे पर्यायशब्द आहेत, असा समज होतो. प्रत्यक्ष वापरात मात्र यांपैकी कोणताही शब्द दुसऱ्याच्या जागी निर्वेधपणे ठेवता येत नाही. 'सुशिक्षित बेकार' हा शब्दप्रयोग गंभीर आहे. 'सुशिक्षित रिकामटेकडा' म्हटले की तो उपहास होतो. 'रिकामा न्हावी' म्हणीत शोभतो. 'बेरोजगार न्हावी' म्हटले की म्हण संपते आणि अर्जाचा नमुना सुरू होतो. शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारच्या शब्दांवरून ठरते, हा सोस्यूरचा सिद्धांत येथे अगदी साध्या रूपात पडताळून पाहता येतो.

प्रस्तुत लेखात या शब्दव्यवस्थेचा विचार करावयाचा आहे तो केवळ कोशरचनेच्या दृष्टीने नव्हे. साहित्यसमीक्षेत 'बेकार तरुणाचे चित्रण', 'बेकारीचे वास्तव' यांसारखे शब्दप्रयोग जणू सिद्ध संज्ञा असल्यासारखे वापरले जातात. या संज्ञा कोणाला सामावून घेतात आणि कोणाला बाहेर ठेवतात, हे तपासल्याशिवाय त्यांच्या आधारे केलेले वाङ्मयीन मूल्यमापन अपुरेच राहणार.

या तपासणीसाठी यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा हे गाव सोयीचे आहे. केळापूर तालुक्याचे हे मुख्य ठिकाण नागपूर–हैदराबाद महामार्गावर वसले आहे. दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की आदिलाबादचा, म्हणजे आजच्या तेलंगणाचा, मुलूख सुरू होतो. वऱ्हाडी वळणाची मराठी, हिंदी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी या भाषा तेथील बाजारात परस्परांच्या कानावर पडतात. भोवताली कोरडवाहू कापसाची शेती, गावात बाजारपेठ, तालुक्याची कार्यालये आणि महाविद्यालयीन शिक्षण घेतलेली पिढी. काम नसण्याचे तीन वेगळे प्रकार येथे एकाच आवारात नांदतात : पदवीधराचे, शेतमजुराचे आणि स्त्रीचे. तिघांसाठी भाषेने तीन वेगळ्या सोयी केल्या आहेत. त्यांतील एकीलाच नामाचा मान मिळाला आहे.

२

'रिकामा' हा या कुळातील जुना आणि देशी शब्द होय. व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो 'रिक्त'च्या परिवारातील मानला जातो. बोलणाऱ्याच्या कानाला मात्र त्यात 'काम' ऐकू येते. घागर रिकामी असते, घर रिकामे असते, वेळ रिकामा असतो आणि माणूसही रिकामा असतो. या सर्व ठिकाणी एक गृहीत समान आहे. जे आज रिकामे आहे ते भरण्यासाठीच असते आणि पुन्हा भरले जाणार असते. रिकामी घागर फुटकी नसते.

'रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी' ही म्हण या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तुंबडी लावून रक्त काढणे हा न्हाव्याच्या कामाचाच एक भाग होता. म्हणीतला न्हावी अवजार गमावून बसलेला नाही, कौशल्यही विसरलेला नाही. घटकाभर गिऱ्हाईक नाही, एवढेच. गावगाड्यात त्याचे बलुते ठरलेले आहे. काम आज असो वा नसो, सुगीला त्याचा वाटा त्याला मिळावयाचा आहे. तेव्हा म्हणीतील विनोद मोकळ्या वेळाबद्दलचा आहे. वतन असलेल्या माणसाचा तो रिकामपणा आहे. 'रिकामपणचे उद्योग', 'नसते उद्योग' हे वाक्प्रचारही याच वृत्तीचे. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात शेतकऱ्यावर पडणाऱ्या बलुत्याच्या आणि फिरस्त्यांच्या भाराची चिकित्सा आहे. त्या चिकित्सेतही प्रश्न कोण किती काम करतो आणि कोण किती नेतो, असा आहे. काम मागूनही ते न मिळणारा माणूस हा त्या व्यवस्थेचा प्रश्न नव्हता. त्याच्यासाठी वेगळी संज्ञा घडण्याचे कारणही नव्हते.

'रिकामा'ला 'टेकडा' जोडला गेला की काळाची अवस्था स्वभावाची होते. 'आज तो रिकामा आहे' या वाक्यात 'आज' सहज बसतो. 'आज तो रिकामटेकडा आहे' हे वाक्य मराठी कानाला खटकते. रिकामटेकडेपणा आजउद्याचा नसतो; तो माणसाला चिकटलेला असतो. 'निरुद्योगी' या संस्कृत शब्दाची गत याहून निराळी नाही. 'उद्योग' म्हणजे मूळात उद्यम, प्रयत्न. रामदासांच्या वाङ्मयातील 'यत्न'विचारापासून एकोणिसाव्या शतकातील सुधारकांच्या लेखनापर्यंत आळसाच्या विरुद्ध टोकाला उद्योग उभा केला गेला. 'उद्योगाचे घरी ऋद्धिसिद्धी पाणी भरी' हे त्याचेच लोकरूप. पुढे 'उद्योग' या शब्दाला कारखानदारीचा अर्थ चिकटला आणि उद्योग काढणे ही भांडवलदाराची, तर उद्योग करणे ही सर्वांची जबाबदारी ठरली. जो निरुद्योगी, त्याचा दोष त्याच्या प्रयत्नात शोधावा, ही सूचना शब्दातच दडलेली आहे.

३

'बेकार' हा शब्द फारसीतून आला. 'बे' म्हणजे विना आणि 'कार' म्हणजे काम. हाच 'कार' कारखाना, कारागीर, कारभार या शब्दांत आहे. रचनेच्या दृष्टीने 'बेकार' हा निर्लेप शब्द आहे : ज्याला काम नाही तो. त्याच्या शेजारी ध्वनीने अगदी जवळचा, अर्थाने मात्र उलट दिशेचा 'बेगार' उभा आहे. त्याची मराठी रूपे 'बिगार', 'बिगारी'. संस्कृत 'विष्टि'पासून आलेल्या 'वेठ' या शब्दाला तो जोडला गेला आणि 'वेठबिगार' हा समास रूढ झाला. बेकाराला काम नाही. बिगाऱ्याला काम आहे, पण दाम नाही. एका व्यंजनाच्या अंतराने श्रमाच्या इतिहासातील दोन टोके येथे शेजारी आली आहेत. आज 'बिगारी' म्हणजे बांधकामावरचा अंगमेहनती मजूर. त्याला दाम मिळतो, पण शब्दाने आपली जुनी हीनता सोडलेली नाही.

'बेकार'चा प्रवास अर्थशास्त्रातून नीतिशास्त्रात झाला. माणसाला लावलेले विशेषण वस्तूंना लागले : बेकार घड्याळ, बेकार रस्ता, बेकार बियाणे. वस्तूच्या बाबतीत 'काम नसलेली' याचा अर्थ 'कामाची नसलेली' असा होतो. एकदा हा अर्थ प्रबळ झाला की तो परतून माणसावर येतो. 'तो बेकार आहे' या वाक्याचे मग दोन अर्थ संभवतात : त्याला काम नाही, किंवा तो काही कामाचा नाही. बोलणारा पहिला अर्थ योजतो. ऐकणारा दुसरा ऐकू शकतो. ज्याच्याविषयी बोलले जाते त्याला दोन्ही ऐकू येतात. त्याच्यापुढची घसरण तरुणांच्या बोलीत दिसते. 'बेक्कार ऊन', 'बेक्कार हसलो' येथे 'क'चे द्वित्व झाले आणि शब्द केवळ तीव्रतावाचक उरला. कामाशी असलेला त्याचा संबंध येथे पूर्णपणे तुटला आहे.

रेमंड विल्यम्स यांनी 'कीवर्ड्‌स' (१९७६) या ग्रंथात बेकारीवाचक इंग्रजी शब्दाची स्वतंत्र नोंद केली आहे. काम नसणे आणि आळशी असणे या दोन अर्थांची सरमिसळ सत्तेच्या सोयीची कशी असते, हे त्या नोंदीतून ध्यानात येते. मराठीतील स्थिती काहीशी निराळी आहे. तेथे दोन शब्दांची सरमिसळ होते; येथे एकाच शब्दाच्या पोटात दोन्ही अर्थ राहतात. म्हणून मराठीत 'मी बेकार आहे' हे वाक्य उच्चारणे इतके जड जाते. बोलणारा त्याला वळसा घालतो. 'सध्या घरीच आहे', 'बसून आहे', 'परीक्षा देतो आहे', 'बघू, चालू आहे प्रयत्न' ही वाक्ये त्या वळशाची आहेत. वऱ्हाडी मुलखात 'खालीच हाये' असेही म्हणतात. हिंदीतून आलेला हा 'खाली' रिकामपणाचाच वाचक आहे. परका असल्यामुळे तो कमी बोचतो.

या वळशाचे व्याकरणही लक्षणीय आहे. 'तो बेकार आहे' या वाक्यात माणूस प्रथमेत आहे आणि अभाव त्याचे विशेषण झाला आहे. 'त्याला काम नाही' या वाक्यात माणूस चतुर्थीत जातो आणि काम हा कर्ता होतो. मराठी मजुराची स्वाभाविक भाषा ही दुसऱ्या प्रकारची आहे : काम लागते, काम निघते, काम सुटते, काम बंद पडते. नोकरीसुद्धा 'लागते' आणि 'जाते'. पावसाप्रमाणे येणाऱ्या-जाणाऱ्या गोष्टीची ही क्रियापदे होत. यात दैववाद आहे, असा आक्षेप घेता येईल. पण त्याच रचनेत एक न्यायही आहे. कामाचा अभाव माणसाचा गुणधर्म होत नाही. 'हाताला काम नाही' या वाक्यात हात शाबूत आहे. जे नाही ते हाताबाहेरचे आहे.

४

'बेकार' डागाळल्यावर त्याची रिकामी झालेली जागा 'बेरोजगार' या शब्दाने घेतली. सत्तरीच्या दशकात 'सुशिक्षित बेकार' सर्रास लिहिले जात होते. पुढे शासकीय मराठीत 'सुशिक्षित बेरोजगार' स्थिरावला. १९९३ मध्ये सुरू झालेली केंद्राची रोजगार योजना सुशिक्षित बेरोजगारांसाठी होती. 'सेवायोजन कार्यालय' या नावातली 'सेवा' मागे पडून 'रोजगार व स्वयंरोजगार' ही जोडी आली. अर्थ तोच, शब्द स्वच्छ, असे वरवर वाटते. पण अर्थ तोच राहिलेला नाही.

'रोज' म्हणजे दिवस. फारसीत 'रोजगार'ला काळ, दिवसमान अशीही छटा आहे. मराठी शेतमजुराच्या तोंडी 'रोज' म्हणजे दिवसाची मजुरी : 'रोज किती पडतो?', 'रोजाने जाते', 'रोज बुडाला'. 'रोजगार' या शब्दाच्या मुळाशी अशी दिवसाची मोजणी आहे. शासकीय 'बेरोजगार' मात्र दिवसाने मोजला जात नाही. तो नोंदणीने अस्तित्वात येतो. ज्याचे नाव नोंदवहीत आहे, ज्याच्यापाशी शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रक, रहिवासाचा पुरावा आहे, तो बेरोजगार. ज्याचा रोज बुडाला तो या अर्थाने बेरोजगार नव्हे, हा या शब्दाच्या इतिहासातील उपरोध होय.

'सुशिक्षित' हे विशेषण हा उपरोध उघड करते. 'सुशिक्षित बेरोजगार' हा समास रूढ झाला. 'अशिक्षित बेरोजगार' रूढ झाला नाही. ज्या विशेषणाला विरोधी विशेषण नसते ते भेद दाखवीत नाही, ते पात्रता दाखवते. शिकलेल्याला काम नसणे ही समस्या. न शिकलेल्याला काम नसणे ही ऋतुमानाची गोष्ट, असा संकेत त्यातून मिळतो. 'उमेदवार' या शब्दाचा इतिहास येथे आठवावा. कचेरीत पुढे-मागे जागा मिळेल या आशेवर विनावेतन राबणारा तो पूर्वीचा उमेदवार. 'उमेदवारी करणे' हा वाक्प्रचार त्याच काळाचा. आज उमेदवार परीक्षेला बसतो किंवा निवडणुकीला उभा राहतो. शब्दातील उमेद मात्र तशीच उधार आहे.

अकुशल मजुराच्या वाट्याला वेगळी परिभाषा आली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकारलेली आणि १९७२ च्या दुष्काळात मोठ्या प्रमाणावर राबवली गेलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने बांधली गेली. तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. तिचा खर्च भागवण्यासाठी १९७५ मध्येच व्यवसाय कर बसवण्यात आला होता. नोकरदाराच्या पगारातून दरमहा कापली जाणारी ही रक्कम म्हणजे नोकरी असलेल्याने काम नसलेल्याशी मान्य केलेले नाते होते, असे म्हणता येईल. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने वर्षाला १०० दिवसांची हमी दिली. त्याच्या पहिल्या टप्प्यातील जिल्ह्यांत यवतमाळ होता.

'मागेल त्याला काम' हे योजनेचे घोषवाक्य भाषिक दृष्ट्या असाधारण आहे. त्यात 'बेकार' नाही, 'बेरोजगार' नाही, 'गरीब'ही नाही. 'मागणे' हे क्रियापद हीच पात्रता. मराठीत 'मागणे' भीक मागण्यापासून हक्क मागण्यापर्यंत पसरलेले आहे. या घोषवाक्याने ते हक्काच्या टोकाकडे ओढले. मात्र त्याच कायद्यांनी काम देऊ केले ते 'अकुशल शारीरिक काम'. 'अकुशल' हा शब्द कोणाला लागतो? पऱ्हाटीच्या काट्याकुट्यांतून काडीकचरा न लागू देता कापूस वेचणाऱ्या बाईला. पीक आणि तण कोवळेपणीच ओळखून निंदणाऱ्या बाईला. शिकलेल्याच्या बेकारीला 'सु' हा उपसर्ग मिळाला, न शिकलेल्याच्या श्रमाला 'अ'. उपसर्गांची ही वाटणी निष्पाप नाही.

५

पांढरकवड्याभोवतीच्या कोरडवाहू कापसाचे वर्ष सर्वपरिचित आहे. जूनमध्ये पेरा, पावसाळाभर डवरणी-निंदण-फवारणी, दसऱ्याच्या सुमारास वेचणीचा आरंभ आणि पुढे दोन-तीन महिने वेचे. त्यानंतर कपाशी संपते, झाडे उपटली जातात, शिवार गुरांना मोकळे होते. या अखेरीला विदर्भात 'उलंगवाडी' म्हणतात. प्रमाण मराठीत या शब्दाला पर्याय नाही, कारण प्रमाण मराठी जेथे घडली तेथे या अवस्थेला वेगळे नाव देण्याची गरज नव्हती.

उलंगवाडी हा पिकाचा शब्द आहे. मालकाच्या दृष्टीने तो हिशोबाचा दिवस : किती निघाले, किती विकले, किती देणे राहिले. पण तोच दिवस मजुराच्या रिकामपणाचा पहिला दिवस असतो. वर्षाचा करार असलेल्या सालदाराला पाडव्यापर्यंत किंवा अक्षय तृतीयेपर्यंत तरी ठाव असतो. रोजाने जाणाऱ्याला तोही नाही. येथून मृगापर्यंतच्या काळाला मजुराच्या बाजूने पाहणारे नाम मराठीत नाही. ज्या शब्दाने त्याची बेकारी सुरू होते तो शब्द कपाशीचे नाव घेतो, त्याचे घेत नाही. या काळात घर सोडून कोणी मिरचीतोडीला तेलंगणात जातो, कोणी बांधकामावर शहरात जातो. मराठीत अशा जाण्याला एक शब्दप्रयोग आहे : 'जगायला जाणे'. 'कामाला जाणे' आणि 'जगायला जाणे' यांतील अंतर हे या लोकांच्या बेकारीचे सर्वांत नेमके वर्णन आहे, आणि त्यात बेकारीवाचक एकही शब्द नाही.

वेचणीचा दाम किलोवर मिळतो. दिवस भरला तरी वजन भरले नाही तर रोज भरत नाही. तणनाशकांच्या प्रसारानंतर निंदणाचे दिवसही आटले. निंदणबाईचे काम गेले, पण 'तिची नोकरी गेली' असे कोणी म्हणत नाही. 'यंदा निंदण कमी निघालं' एवढेच म्हटले जाते. शहरातील गिरणीमालक कामगाराला 'कमी करीत' असे. त्या सौम्य क्रूर वाक्यप्रयोगात निदान कमी करणारा कोणी होता. येथे तोही नाही. उलट काम मिळणे म्हणजे सुस्थिती, हेही समीकरण टिकत नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन जे शेतकरी-शेतमजूर दगावले, त्यांच्या हाताला काम होते.

स्त्रीच्या बाबतीत शब्दव्यवस्थेचे मौन अधिक गाढ आहे. 'बेकार' हे विशेषण लिंगभेदाने बदलत नाही. पण 'सुशिक्षित बेकार' म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतो तो पुरुषच. 'ती काय करते?' या प्रश्नाचे उत्तर 'काही नाही, घरीच असते' असे येते. पहाटे पाणी भरणारी, सरपण आणणारी, हंगामात रोजाने जाणारी आणि उलंगवाडीनंतर पुन्हा सरपण आणणारी बाई ही 'काही नाही' या उत्तरात मावते. जनगणनेने १९८१ पासून काम करणाऱ्यांचे 'मुख्य' आणि 'सीमांतिक' असे भाग पाडले. वर्षातील सहा महिने ही त्यांतील सीमारेषा. केवळ घरकाम करणारी स्त्री 'काम न करणारे' या रकान्यात जाते. अशा रीतीने एकच बाई एका वर्षी सीमांतिक ठरते, पुढल्या वर्षी अदृश्य. मारी याहोदा आणि तिचे सहकारी यांनी ऑस्ट्रियातील मारिएन्थाल या गिरणी बंद पडलेल्या गावाचा अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. तेथे पुरुषांचा दिवस काळाचे भान हरवून विस्कटला होता. स्त्रियांची मजुरी गेली तरी घरचे काम गेले नव्हते, हे त्यांनी नोंदवले. पैनगंगेच्या खोऱ्यातील स्त्रीसाठी मराठीत म्हणावयाचे तर ती 'बेरोजगार' असते, 'रिकामी' कधीच नसते. पण भाषा तिला पहिला शब्द देत नाही आणि दुसरा मात्र सहज देते.

६

साहित्यसमीक्षेपुढील प्रश्न येथून सुरू होतो. मराठी समीक्षेने बेकारीचे चित्रण म्हणून ज्या कृतींची दखल घेतली त्यांच्या केंद्रस्थानी बहुधा शिकलेला तरुण असतो. सदानंद देशमुख यांची 'बारोमास' (२००२) ही कादंबरी याचे ठळक उदाहरण. विदर्भातील शेतकरी कुटुंबातला, उच्चशिक्षण घेऊनही नोकरी न मिळालेला एकनाथ तिचा नायक आहे. २००४ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या कादंबरीचे वर्णन 'सुशिक्षित बेरोजगाराची शोकांतिका' असे सहज केले जाते. वर्णन खोटे नाही, पण ते कादंबरीला लहान करते. एकनाथ दिवसभर राबतो. तो शेतात आहे, कामात आहे. तरीही तो 'बेरोजगार' आहे, कारण 'नोकरी' या एकाच शब्दाने 'काम' या शब्दाची प्रतिष्ठा गिळली आहे. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही उतरंड उलटी झाली, हे तर खरेच. पण 'बारोमास' त्यापुढे जाते. स्वतःच्या वावरात राबणाऱ्याला स्वतःच्याच घरात बेकार ठरवणारी भाषा कशी तयार होते, याचे ते चित्रण आहे. शहराकडून आलेल्या पत्नीची निराशा ही व्यक्तीची हाव नसून या नव्या शब्दार्थाची साक्ष आहे. 'बेरोजगार' हा शब्द समीक्षेने तसाच उचलला, तर कादंबरी ज्या शब्दाची चौकशी करते तोच शब्द समीक्षा निकाल म्हणून देऊन टाकते.

उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीच्या बाबतीत समीक्षेची चूक उलट दिशेची आहे. कौतिकचा नवरा महादेव जातीने शिंपी. त्याच्या संदर्भात 'निष्क्रिय', 'आळशी', 'कर्तृत्वशून्य' ही विशेषणे समीक्षेत जणू आपोआप येतात. बेकारीचा शब्द येत नाही. तो शिकलेला नाही, त्याची नोंदणी नाही, म्हणून 'बेकार' या संज्ञेवर त्याचा हक्क नाही. उरतो तो स्वभाव. वास्तविक खेड्यातील शिवणकामाचे आक्रसत जाणारे विश्व हा त्याच्या पराभवाचा एक पदर आहे. कौतिकच्या ताठ कष्टाळूपणापुढे त्याचा दुबळेपणा उठून दिसतो, हे कादंबरीचे सामर्थ्यच आहे. पण त्यावरून तो केवळ स्वभावाचा बळी ठरत नाही. आणि कौतिक? ती कादंबरीभर काम शोधते, काम करते, काम गमावते. तरी 'धग' ही कामाच्या शोधाची कादंबरी म्हणून वाचली जात नाही. ती मातृत्वाची, सोशिकतेची, जिद्दीची कादंबरी म्हणून वाचली जाते. पुरुषाच्या बाबतीत जे अर्थकारण असते ते स्त्रीच्या बाबतीत शील होते, हा आपल्या समीक्षेचा जुना संकेत आहे.

जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकाने या संकेताला छेद दिला, असे म्हणता येईल. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतरचे गिरणगाव आणि त्यातील एक कुटुंब येथे आहे. संप ही बेकारीच्या शब्दव्यवस्थेत न मावणारी घटना. संपकरी बेकार नसतो. त्याने काम थांबवलेले असते. गिरण्या उघडल्या नाहीत आणि थांबवलेले काम गेलेले काम झाले. नेमका कोणत्या दिवशी संपकरी बेकार झाला, हे सांगता येत नाही. 'अधांतर' या शीर्षकाने ती न सांगता येणारी जागा अचूक पकडली आहे. येथे नाटककाराने उपलब्ध संज्ञा नाकारली आणि अवस्थेला स्वतःचे नाव शोधून दिले.

७

यावर एक आक्षेप संभवतो. शब्द नसला म्हणून अनुभव नसतो असे नाही. पांढरकवड्याच्या मजुराला आपली स्थिती कळण्यासाठी नामाची गरज नाही. हे मान्य केलेच पाहिजे. किंबहुना वर पाहिल्याप्रमाणे त्याची भाषा नामांची नसून वाक्यांची आहे : काम निघाले नाही, हात रिकामा आहे, जगायला गेले. या वाक्यांत माणूस दोषी ठरत नाही, हे त्यांचे बळही आहे. प्रश्न आहे तो नोंदवहीचा, अर्थसंकल्पाचा, अभ्यासक्रमाचा आणि समीक्षेचा. या चारही ठिकाणी नाम लागते. ज्याला नाम नाही त्याची मोजणी होत नाही. आणि ज्याची मोजणी होत नाही त्याच्याविषयीचे साहित्य 'प्रादेशिक', 'ग्रामीण', 'स्त्रीजीवनविषयक' अशा शेजारच्या कप्प्यांत टाकले जाते. कोलामपोडावरील माणसाच्या बाबतीत तर प्रश्न दुहेरी होतो. त्याची कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा. 'बेरोजगार', 'अकुशल', 'सीमांतिक' हे सारे शब्द त्याच्याकडे आधी मराठीतून आणि मराठीकडे त्याआधी कचेरीतून येतात. त्याच्या भाषेत या अवस्थेची वाक्ये कोणती आहेत, हा भाषाभ्यासकांनी हाती घेण्याजोगा विषय आहे.

विद्यापीठीय जगालाही हा विचार परका नाही. 'तासिका तत्त्वावर' शिकवणारा पदव्युत्तर पदवीधर बेकार नाही, कारण तो वर्गात आहे. नोकरीत नाही, कारण सुटीत त्याला वेतन नाही. 'नेट-सेटधारक' या संज्ञेत तो काहीतरी धारण करतो असे दिसते. प्रत्यक्षात तो पात्रता धारण करून उमेदवारी करतो, जुन्या कचेरीतल्या त्या विनावेतन उमेदवारासारखी. शेवटचा तास झाला की त्याचीही उलंगवाडी होते. 'बेकारीचे साहित्य' हा विषय संशोधनासाठी निवडणाऱ्या विद्यार्थ्याने प्रथम हे पाहावे की, आपल्या वाट्याला आलेल्या शब्दाने आपण कोणाला पाहतो आहोत आणि कोणाच्या बाजूने पाहतो आहोत.

मराठी समीक्षेने 'बेकारी' ही संज्ञा टाकून द्यावी, असा याचा अर्थ नव्हे. ती संज्ञा नामांपासून क्रियापदांपर्यंत, नोंदणीपासून हंगामापर्यंत आणि तरुणापासून त्याच्या आईपर्यंत वाढवली पाहिजे. एखाद्या कृतीत 'बेकार' हा शब्द एकदाही येत नसेल, आणि तरी प्रत्येक पानावर कोणीतरी विचारीत असेल की उद्या काम निघेल का, तर ती कृती बेकारीचीच आहे. तिला त्या नावाने वाचणे हे समीक्षेचे काम आहे, आणि ते अजून पुष्कळ शिल्लक आहे.